आजीच्या नावाची चौकट

माझ्या मुलीला पहिलीत घालायचं होतं तेव्हा शाळेचा फॉर्म बाबांनी भरला. आमच्या घरात फॉर्म भरायचा मान त्यांचाच. मी स्वतः शिक्षिका, रोज ढीगभर फॉर्म तपासणारी, पण चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं की पेन बाबांच्या हातात जायचं. डाव्या हातानं, ओठ किंचित पुढे काढून, ते एकेक अक्षर कागदावर ठेवत. त्या वर्षी फॉर्मात एक नवी ओळ छापून आली होती: आईचे नाव. आमच्या वेळी फक्त बापाचं विचारत. बाबांनी तिथे माझं नाव लिहिलं, शाई वाळू दिली, पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म हातात धरून तसेच बसून राहिले. मला वाटलं, खाडाखोड झाली.

"हा फारम माह्यासाठी कोणी भरला असता," ते म्हणाले, "तर इथी काय लिहिलं असतं?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून सावत्र आजीचं नाव घेतलं. त्यांनी मान हलवली. ज्या बाईला मी आजी म्हणत वाढले ती बाबांची सावत्र आई. तिनं त्यांना पोटच्या मुलासारखं केलं, हे ते स्वतः दहा वेळा सांगत. पण त्यांना जन्म देणारी बाई ते दीड-दोन वर्षांचे असताना तापानं गेली. तिचा फोटो नव्हता. तिचं लुगडं, भांडं, काही म्हणजे काही नव्हतं. आणि तिचं नाव बाबांना ठाऊक नव्हतं. पन्नाशी कधीच ओलांडलेला, नियंत्रण कक्षात चाळीस घड्याळांसारख्या तबकड्यांवर लक्ष ठेवणारा हा माणूस स्वतःच्या आईचं नाव जाणत नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला त्यांची दया आली, आणि आपण हे कधी विचारलंच नाही याची लाजही वाटली.

नाव हरवलं कसं, हेही नीट सांगता येण्यासारखं नाही. ते कोणी लपवलं नव्हतं. आजोबा बायकोचं नाव घेत नसत, तसं तेव्हा कोणीच घेत नसे. सासरच्या गावात तिला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारत, अमक्या गावची म्हणून अमकीवाली. दुसरी बायको घरात आल्यावर पहिलीचा विषय निघेनासा झाला. सावत्र आजीच्या गळ्यात, मेलेल्या सवतीची म्हणून घालतात ती मूर्त असायची, चांदीची, बोटाच्या पेराएवढी. जेवायला बसली की पहिला घास ती त्या मूर्तीला दाखवायची आणि "घे बाई" म्हणायची. म्हणजे तिच्याही तोंडी ती नुसती बाईच. पुढे गावानं दीक्षा घेतली आणि घरोघरचे देव नदीत सोडले. आमच्या घरची टोपली बाबांच्या डोक्यावर होती, चौदा वर्षांचे होते ते. देवांबरोबर मूर्तही गेली. देव सोडल्याचं ते ताठ मानेनं सांगत. मूर्तीपाशी आले की मात्र विषय बदलत.

फॉर्मच्या दुसऱ्या दिवशी ते प्लान्टातून चार्टची एक गुंडाळी घेऊन आले. बॉयलरच्या यंत्रांवर कागदाच्या लांब गुंडाळ्या फिरत असत आणि एक बारीक पेन त्यांच्यावर दिवसरात्र तापमान काढत असे. वापरून झालेल्या गुंडाळ्या फेकल्या जात. आम्ही भावंडं लहानपणी त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायचो. त्याच कोऱ्या बाजूवर बाबांनी वंशावळ मांडायला घेतली. झाडबीड काही नाही. वाफेची लाइन जशी काढतात तशी त्यांनी डावीकडून उजवीकडे रेघ ओढली, माणसाला चौकट, लग्नाला दुहेरी रेघ, मेलेल्याला कोपऱ्यात फुली. आजोबांची चौकट भरली. तिला जोडून दुहेरी रेघ आणि दुसरी चौकट. ती रिकामी ठेवली. कोपऱ्यात फुली काढायला पेन टेकवलं आणि उचललं.

आईनं मागून बघितलं. नातवंडांचे वाढदिवस ज्यांच्या लक्षात राहत नाहीत ते निघाले खापरपणज्याला शोधायला, असं ती म्हणाली. पण संध्याकाळी तिनंच खिडकीवरची राख पुसून गुंडाळीसाठी जागा केली. त्या वसाहतीत राख सगळीकडेच बसायची, तुळशीच्या पानावर, दोरीवरच्या कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर. दुपारचं ऊन त्या राखेतून गाळून आल्यासारखं घरात पडे. बाबा गुंडाळी काचेला लावून धरत आणि मागच्या बाजूची लाल रेघ कागदातून पुढे दिसे. कोणत्या तरी विसरलेल्या दिवसाचा तो बॉयलर आमच्या पूर्वजांच्या पाठीमागून थरथरत चाललेला असायचा.

बाबांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती. रविवारी स्कूटर काढून ते नात्यातल्या कोणाकडे तरी जात आणि मी सवड असेल तेव्हा मागे बसे. गुंडाळी पाइपच्या तुकड्यात घालून मांडीवर. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला त्यात मजा वाटायची, म्हाताऱ्या माणसांना विचारलं की ती कशी डोळे बारीक करून मागे मागे जातात, ते बघायची. रेघ लांबत गेली. चुलत-मावस, दत्तक गेलेले, कोरपन्याकडे कापूस वेचायला जाऊन तिकडचेच झालेले, सगळे आपापल्या चौकटीत येऊन बसले. बायकांच्या चौकटी मात्र रिकाम्या राहायच्या. बाबा हट्टानं विचारत. पुरुष हसून खाली बघत, बायका आत निघून जात.

तहसिलीत कोतवाल बुक असतं. गावचा कोतवाल कोण जन्मलं, कोण गेलं ते सांगायचा आणि त्याची त्यात नोंद व्हायची. अर्ज केल्यावर तीन फेऱ्यांनी ते आमच्यासमोर आलं. पानं शेवेसारखी मोडत होती. बाबांच्या जन्माची नोंद सापडली: बापाचं नाव, जात, गाव, मुलगा. दोन वर्षं पुढची पानं उलटली आणि दुसरी नोंद सापडली. मेलेल्याच्या नावाच्या रकान्यात आजोबांचं नाव आणि पुढे 'ची बायको'. वय अंदाजे वीस. ताप. बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मला त्या लिहिणाऱ्याचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याला शाळेतल्या पोरासारखं उभं करून विचारलं असतं. बाबा म्हणाले, त्याचा काय दोष, त्याला जसं सांगितलं तसं त्यानं लिहिलं.

आता हातात एकच गोष्ट उरली, तिचं माहेर. ते गाव वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शीहून आत जंगलाकडे, एवढं सासरच्या गावातले म्हातारे सांगत. तलाठ्याच्या यादीत ते सापडलंही. नावापुढे लिहिलं होतं: रीठ.

आमच्याकडे रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. नकाशात त्याला शीव असते, जमिनीला नंबर असतात, पण माणूस नसतो. पटकीची साथ आली, लागोपाठ माणसं गेली आणि उरलेल्यांनी गाव सोडलं, असं शेजारच्या गावात कळलं. तरीही बाबांना तिथे जायचंच होतं. पाऊलवाटेच्या तोंडाशी स्कूटर ठेवून आम्ही साजाच्या झाडांमधून चालत गेलो. पुढे एकदम मोकळं झालं. ओळीनं चिंचा होत्या. जंगलात चिंचा अशा ओळीनं येत नाहीत, तेवढ्यावरूनच इथे घरं होती हे कळत होतं. एक जातं अर्धं मातीत रुतलेलं. एक बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, पाण्यावर कमळाची पानं, आणि काठाचा दगड पाय देऊन देऊन गुळगुळीत झालेला. बाबा त्या दगडावर बसले. वारा नव्हता. लांब कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता आणि थांबला की सगळं अगदी कानात भरून येईल इतकं शांत व्हायचं. मला उगाच वाटलं की आता चिंचांमागून कोणी घागर घेऊन येईल आणि आम्हाला बघून विचारेल, कोणाकडे आलात. आम्हाला सांगता आलं नसतं.

माणूस नसलेल्या गावात विचारायचं कोणाला, असा वैताग मी परतीच्या वाटेवर काढला. बाबांनी स्कूटर चालवता चालवता शांतपणे सांगितलं की गाव उठलं तरी माणसं कुठेतरी गेलीच असतील, आणि ती जिथे गेली तिथून महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला येतच असतील. सगळी येतात.

म्हणून आम्ही जत्रेला जाऊ लागलो. बाबा देवळात पाय ठेवत नसत. नदीच्या वाळूत, जिथे गावोगावच्या बैलगाड्या सुटलेल्या असत, तिथे एका गाडीच्या सावलीत सतरंजी टाकून ते गुंडाळी उलगडत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना मूळ गाव विचारत. जत्रेला जाऊन देवाचं तोंड न बघणारा जगात हा एकच माणूस, असं आईचं म्हणणं. लोकांना ते सरकारी सर्व्हेवाले वाटत. एकदा तर एका बाईनं भविष्य सांगणारा समजून समोर हात पसरला. बाबांनी तिलाही तिचं मूळ गाव विचारलं. देवळाच्या कोरीव शिळांवर ऊन चढत जाई, वाळू तापे, नदीचं पाणी आपलं सावकाश वळण घेत राही, आणि आम्ही तिथे कोणाची तरी वाट बघत बसलेलो. पहिल्या वर्षी कोणी भेटलं नाही.

दुसऱ्या वर्षी बाबा रिटायर झालेले होते. गाडीचं चाक सारखं करत असलेल्या एका गोंड शेतकऱ्याला त्यांनी गाव विचारलं, त्यानं सांगितलं, मग बाबांनी रिठाचं नाव घेतलं. तो माणूस सरळ उभा राहिला. त्याची सासू त्याच रिठातली. तो घरजावई, सासू त्यांच्याजवळच होती. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणाला, पण बाकी सारं शाबूत आहे. बाबांनी त्याचा पत्ता गुंडाळीच्याच कडेला लिहून घेतला. परतताना स्कूटरच्या आरशात मला त्यांचा खुललेला चेहरा दिसत होता.

आम्ही गेलो तेव्हा मोहाची फुलं पडत होती. सकाळी आठचा सुमार. गावाच्या अलीकडेच तो गोड, जड वास सुरू झाला आणि अंगणापर्यंत सोबत आला. घरोघरच्या बायका टोपल्या घेऊन रानात गेलेल्या, गाव निम्मं रिकामं. जावयानं आम्हाला बाज टाकून दिली, पाणी दिलं आणि तो बैल घेऊन गेला. म्हातारी ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. हातांवर कोपरापर्यंत गोंदण, ते कातडीबरोबर सैल झालेलं. बाबांनी आपल्या बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि आईला तिकडे काय म्हणत ते सांगितलं.

म्हातारीनं हात पुढे केला. बाबा सरकले. तिनं त्यांचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. "तुले म्या कडेवर घेतलं होतं," ती म्हणाली. "लय रडका होता तू."

साठीला आलेल्या माणसाला आपण रडके होतो हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते आम्हाला सापडलं होतं. बाबा हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

मग ती सांगू लागली. तिचं घर गावाच्या या टोकाला, माझ्या आजीचं, बाबांच्या आईचं, त्या टोकाला, गावापासून जरा सुटं. दोघींच्या पाण्याच्या जागाही वेगळ्या. पण बोडीच्या काठी मोह वेचताना दोघी भेटत. एका वर्षी दोघींनी एकमेकींच्या केसात फूल खोवलं आणि फूल बदलं; बदणं म्हणजे कायमचा शब्द देणं. आमच्या झाडीपट्टीत दोन पोरींनी असं फूल बदलं की त्या जन्माच्या सख्ख्या होतात, जातीच्या पलीकडच्या. घरच्यांना न विचारता बदल्याबद्दल तिला बापानं बदडलं. पण बदलेलं मोडत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून पुढे लग्नकार्यात त्या टोकाच्या घरी या घरातून लुगडं जाऊ लागलं. आजी लग्न होऊन नदीपल्याड गेली. एकदा बाळ घेऊन माहेरी आली होती. डोंग्यात बसून परत गेली, ती पुन्हा दिसली नाही.

बाबांनी फार हळू विचारलं, "माय, तिचं नाव काय होतं?"

म्हातारीनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "ते मी कशी घेऊ, बाबू? ते माहं फूल होती."

फूल बदलं की त्या दिवसापासून एकमेकींचं नाव सुटतं. फूल म्हणूनच हाक मारायची. नाव घेतलं तर तिकडे तिला बाधतं. बाबांनी नुसतं सांगून बघितलं, की ती जाऊन आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. "मेली म्हून काय झालं," म्हातारी म्हणाली, "बदलेलं सुटत नाई."

आता इथे माझा स्वभाव आडवा आला. इतकी वर्षं, इतक्या वाटा, आणि जिच्या ओठांवर ते नाव आहे ती बाई ते गिळून बसलेली. मला ते सहन झालं नाही. मी हुशारी केली. म्हटलं, आजी, तुम्ही घेऊ नका, मी नावं घेते, तुम्ही फक्त मान हलवा. आणि त्या काळातली आठवतील ती नावं मी एकामागून एक म्हणायला लागले, वर्गात हजेरी घेतात तशी. चार-पाच झाली असतील. म्हातारीनं दोन्ही तळहात कानांवर दाबले. मग भिंतीला धरून उठली आणि आत अंधाऱ्या खोलीत निघून गेली.

बाबा माझ्यावर आयुष्यात क्वचितच रागावले. त्या दिवशी ते ओरडलेही नाहीत, फक्त म्हणाले, "तिच्यापाशी एवढंच उरलं आहे आणि तू ते ओढून घेऊन राह्यली." यंत्राला लिंबू-मिरची बांधणाऱ्या सहकाऱ्यांशी तासन्तास वाद घालणारे बाबा हे बोलत होते. मला रडूच आलं. अंगणात एक कोंबडी वाळत घातलेला मोह टोचत होती आणि तिला हाकलायलाही माझ्यानं उठवलं नाही.

बऱ्याच वेळानं म्हातारी बाहेर आली आणि आपल्या जागी बसली. माझ्याकडे तोंड करून विचारलं, तुला लेकरं किती. मी म्हटलं, एक पोरगी. तिनं मान डोलावली, झालं तेवढं पुरे असल्यासारखी. बाबांनी तोवर गुंडाळी मांडीवर घेतली होती आणि नावाचा नाद सोडून ते बाकीचं लिहून घेत होते: बोडी, फूल, लुगडं, डोंगा. रिकाम्या चौकटीच्या भोवती, बारीक अक्षरात. म्हातारी डोळे बारीक करून पुढे झुकली. तिला अक्षरं दिसत नसावीत, पण हात दिसला.

"डावरा आहे का तू?"

बाबा थांबले. हो म्हणाले.

"ते बी डावरीच होती," ती म्हणाली. "कुऱ्हाड धरली का सारं गाव हासे."

बाबांना शाळेत डाव्या हातानं लिहिल्याबद्दल छड्या बसल्या होत्या. सावत्र आजीनं तो हात बांधूनही बघितला होता, प्रेमानंच, पोराला लोक हसू नयेत म्हणून. हा हात कुठून आला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा त्या हाताकडे असे बघत होते की मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

म्हातारी थोडा वेळ ओठ हलवत बसली. मग म्हणाली, "थांबा. माही पोरगी येऊ दे."

का थांबायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण आलं होतं. ऊन ओसरीच्या पायरीवर चढलं. मोहाच्या वासानं डोकं जड झालं, झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी आम्ही तिघं बसून होतो. मला वाटत होतं की नदीपलीकडचं ते रिठातलं अंगण आणि हे अंगण एकच आहे आणि कोणीतरी खरंच चिंचांमागून यायला निघालं आहे.

दहाच्या सुमारास एक पन्नाशीची बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत पिवळसर, ओला मोह. तिनं ती उतरवली, पदरानं मान पुसली आणि आमच्याकडे बघून हसली.

"ह्या भाऊले तुहं नाव सांग," म्हातारी म्हणाली.

"काऊन? राशनकार्डावाला आहे का हा?"

"सांग म्हणते न."

त्या बाईनं आपलं नाव सांगितलं. तीन अक्षरं. त्या काळी अनेकींचं असायचं तसं साधं नाव. म्हातारीनं डोळे मिटून घेतले होते. मिटल्या डोळ्यांनीच ती बोलली, "माह्या तोंडून मी नाई घेत. पण नाव माह्या घरात पाहिजे होतं. म्हून पोरीले देलं. दिवसभर कोणी तरी तिले हाका मारते. मी आयकते."

तिनं स्वतः आपल्या लेकीला पन्नास वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नव्हती. पोरी म्हणायची.

बाबांनी लिहिलं. पेन दोनदा कागदावरून घसरलं, म्हणून मी गुंडाळीचं टोक धरलं. चौकटीत तीन अक्षरं बसली आणि आजूबाजूला बरीच जागा उरली. लेक वाकून बघत होती. आपलं नाव या माणसाच्या कागदावर कशाला, असं तिनं विचारलं. तुझं नाही, माझ्या आईचं आहे, असं बाबांनी सांगितलं. ती जरा गोंधळली, मग तिला गंमत वाटली. "मंग मी कोण झाली तुमची?"

"माय झाली," म्हातारी म्हणाली. "पाया पड म्हणा त्याले."

ती थट्टेत बोलली. पण बाबा बाजेवरून उठले. देवापुढे न वाकलेले, साहेबापुढे न वाकलेले बाबा आपल्याहून सहा-सात वर्षांनी लहान असलेल्या त्या बाईच्या पायांशी वाकले, आणि मोहाच्या रसानं चिकट झालेला तिचा हात घाबरून त्यांच्या डोक्यावर पडला.

त्यानंतर वर्षातून दोनदा तरी आम्ही तिकडे जात असू. म्हातारी पुढच्याच थंडीत गेली. तिची लेक आमच्याकडे चंद्रपूरला दवाखान्याच्या कामानं आली की मुक्कामाला राहायची, आणि आईला सांगायची, सुनबाई, चहात साखर कमी टाक. आई हसून हैराण व्हायची. गुंडाळीची मी तुकड्या-तुकड्यांनी झेरॉक्स काढली, नातलगांना वाटली, मूळ प्रत उधळी, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या नळीत ठेवली. इतरांच्या घरच्या रिकाम्या चौकटी भरायलाही आम्ही गेलो. बाबा आता बायकांना त्यांचं नाव विचारत नसत. लेकीसुनांना विचारत, तुमच्या आजीचं नाव कोणाला ठेवलं का.

एक गोष्ट मला खटकायची. ज्या नावासाठी एवढी पायपीट केली ते बाबा कधी उच्चारत नसत. त्या बाईला माय म्हणत, आईबद्दल बोलायचं तर नुसतं 'ती' म्हणत. एकदा मी छेडलंच, की नाव मिळालं आणि तुम्ही ते एकदाही घेतलं नाही. ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच काही भलतं विचारलं.

"मायले कोणी नावानं हाक मारते का?" ते म्हणाले.

आणखी काही वर्षांनी बाबा गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाला घरापुढे मांडव घातला होता. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि त्यांचा परिचय वाचायला मी उभी राहिले. कागद मीच लिहिला होता. गाव, जन्म, नोकरी. वडिलांचं नाव. त्यानंतर मी त्यांच्या आईचं नाव वाचलं. आमच्या घरात ते नाव मोठ्यानं घेतलं जाण्याची ही पहिलीच वेळ, हे माझ्या वाचता वाचता लक्षात आलं आणि आवाज चिरकला.

"ओ," मागून कोणीतरी म्हणालं.

बायकांच्या घोळक्यात म्हातारीची लेक बसली होती, पहाटेच्या एसटीनं आलेली. सवयीनं तोंडून निघून गेलं होतं. सगळे मागे वळले तशी तिनं पदर तोंडावर घेतला. आईनं तिचा हात आपल्या हातात धरला. माझ्या डोळ्यांपुढचा कागद दिसेनासा झाला होता. मी थोडी थांबले, डोळे पुसले आणि ते नाव पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं वाचलं.